तंत्रज्ञानाच्या बातमीला कायमचा बातमीदार द्या

मा. संपादक,

स. न. वि. वि.

कृत्रिम बुद्धिमत्ता, फाइव्ह-जी, ड्रोन, ऑनलाइन फसवणूक यांबद्दल आपल्या वृत्तपत्रात आणि मराठी वाहिन्यांवर रोज काही ना काही येत असतं. मी ते आवर्जून वाचते, पाहते, कारण माझं पोट त्यावर चालतं. बीड जिल्ह्यात पाटोद्याला माझं सेवा केंद्र आहे. लोक अजून त्याला सेतूच म्हणतात. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, नॉन-क्रिमिलेअर, पीक विमा, पॅन कार्ड, शिष्यवृत्तीचे फॉर्म, शेतकऱ्याचा ओळख क्रमांक, एखाद्या योजनेची केवायसी, असं सकाळपासून संध्याकाळपर्यंत चालू असतं. पूर्वी माणूस तलाठ्यासमोर उभा राहायचा, आता संगणकासमोर उभा राहतो, आणि त्या संगणकाच्या अलीकडे मी बसलेली असते.

इथे बसून एक गोष्ट फार जाणवते. आपल्याकडे तंत्रज्ञानाच्या बातम्या पुष्कळ आहेत, तंत्रज्ञानाचा बातमीदार मात्र दिसत नाही. मंत्रालयाला बातमीदार आहे, गुन्हेगारीला आहे, क्रिकेटला आहे, सिनेमाला आहे. नवा मोबाइल आला की वाहिनीवरचं कुणीतरी त्याचं खोकं उघडून दाखवतं. कुणाचे पैसे ऑनलाइन गेले की पोलीस ठाण्याचा बातमीदार लिहितो. एखादं सरकारी संकेतस्थळ आठ दिवस बंद पडलं की तालुका प्रतिनिधी "सर्व्हर डाऊन, नागरिक त्रस्त" एवढं चार ओळींत देऊन मोकळा होतो. या तिन्ही बातम्या एकाच विषयाच्या आहेत, हे ओळखून तो विषय वर्षानुवर्षं धरून ठेवणारा माणूस कुणी नेमलेला नाही. तो नेमावा, एवढी एकच मागणी या पत्रात आहे. पत्र लांबलं आहे, कारण असा माणूस काय करू शकतो हे एका खऱ्या कारकिर्दीवरून सांगायचं आहे.

रोरी केलन जोन्स या ब्रिटिश पत्रकाराचं नाव मला कळलं ते वेगळ्याच वाटेने. माझ्या वडिलांना कंपवात (पार्किन्सन) आहे. निदान झालं तेव्हा घरात कुणालाही त्या आजाराची धड माहिती नव्हती. इंग्लंडमध्ये नर्स असलेल्या माझ्या मावसबहिणीने एक पॉडकास्ट ऐकायला सांगितला. लंडनच्या नॉटिंग हिल भागातल्या एका पबमध्ये बसून सहा जण त्यात बोलतात आणि सहाही जणांना कंपवात आहे. त्यात जेरेमी पॅक्समन हे नावाजलेले मुलाखतकार आहेत, एक निवृत्त न्यायाधीश आहेत, एक विनोदी मालिकांचे लेखक आहेत, आणि केलन जोन्स आहेत. त्यांचं इंग्रजी पकडायला मला वेळ लागला. पण केलन जोन्स एखादं औषध किंवा उपकरण ज्या पद्धतीने समजावून सांगतात ते ऐकून वाटलं, या माणसाने आयुष्यभर अवघड गोष्टी सोप्या करून सांगायचंच काम केलेलं असणार. शोध घेतला तर तसंच निघालं. बीबीसीमध्ये ४० वर्षं, आणि त्यातली शेवटची साधारण १५ वर्षं तंत्रज्ञान प्रतिनिधी म्हणून.

त्यांचा जन्म १९५८चा. आई सिल्व्हिया बीबीसीमध्ये सेक्रेटरी होती, वडील त्याच संस्थेत नाट्यमालिकांचे दिग्दर्शक होते. दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. आईने दक्षिण लंडनमधल्या एका बेडरूमच्या फ्लॅटमध्ये एकटीने मुलाला वाढवलं, आणि वडिलांची गाठ पडली तेव्हा रोरी विशीत होते. शिक्षण केंब्रिजला झालं, पण विषय भाषा होता. इंजिनिअरिंगशी काही संबंध नव्हता. १९८१ मध्ये बीबीसीच्या लीड्स केंद्रावर स्थानिक बातम्यांसाठी माहिती जमवणारा मुलगा म्हणून लागले, मग वेल्समध्ये वार्ताहर झाले, मग अनेक वर्षं उद्योग आणि अर्थकारण पाहिलं. इंटरनेट कंपन्यांचा फुगा फुटला त्यावर २००१ मध्ये त्यांनी पुस्तक लिहिलं. तंत्रज्ञानाचं काम त्यांच्याकडे २००७ मध्ये आलं, तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते.

हे मी मुद्दाम सांगते आहे. तंत्रज्ञानाचा बातमीदार म्हणजे संगणकाची पदवी घेतलेला पोरगाच हवा, असा आपला समज आहे. या माणसाने आधी पंचवीस वर्षं लोकांना प्रश्न विचारायची सवय लावून घेतली होती. कंपनीचा पैसा कुठून येतो आणि शेवटी तो कुणाच्या खिशातून जातो, हे पाहायची नजर त्यांच्याकडे आधीपासून होती. मोबाइलमध्ये किती मेगापिक्सलचा कॅमेरा आहे हे कुणालाही डब्यावर वाचता येतं. तो मोबाइल हप्त्यावर घेणाऱ्या माणसाला शेवटी तो कितीला पडतो, हे विचारायला बातमीदार लागतो.

नव्या कामावर आल्या आल्या, ९ जानेवारी २००७ला, सॅन फ्रान्सिस्कोमध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला आयफोन दाखवला तेव्हा केलन जोन्स तिथे होते. फोन हातात घेऊन त्यांनी बातमी केली. त्यावर टीकाही झाली, की हा पत्रकार त्या फोनपुढे फारच भारावून गेला. ती टीका मला योग्य वाटते. असा क्षण प्रत्येक तंत्रज्ञान पत्रकारापुढे येतो. कंपनी मोठा सोहळा करते, दिवे लावते, वस्तू खरंच सुंदर असते, आणि सभोवतालचे सगळे टाळ्या वाजवत असतात. आपल्याकडच्या अनेक मुलांची पत्रकारिता त्या टाळ्यांपाशीच थांबते. वस्तू फुकट मिळते, प्रवास फुकट होतो, आणि मग वाईट बोलायची जीभ होत नाही. केलन जोन्स तिथे थांबले नाहीत, कारण त्यांना त्याच विषयावर दुसऱ्या दिवशी, दुसऱ्या वर्षी, दहाव्या वर्षी बोलायचं होतं. पुढे त्याच स्मार्टफोनने आणि समाजमाध्यमांनी माणसांचं काय केलं, आशा किती खऱ्या ठरल्या आणि भीती किती, याचा हिशेब मांडणारं पुस्तक त्यांनी २०२१ मध्ये लिहिलं. सोहळ्यात जो हजर होता त्यानेच चौदा वर्षांनी हिशेब मागितला. एका कामावर टिकून राहण्याचा उपयोग हा असा असतो.

आता मला सर्वांत आवडलेली हकिकत. मे २०११ मध्ये डेव्हिड ब्रेबन नावाचे संगणक खेळांचे एक जुने निर्माते त्यांना भेटायला आले. त्यांच्या हातात पेन ड्राइव्हएवढी एक हिरवी पट्टी होती. एका टोकाला टीव्ही जोडायचा, दुसऱ्या टोकाला कीबोर्ड, की झाला संगणक. शाळेतल्या मुलांना प्रोग्रामिंग शिकता यावं म्हणून केंब्रिजमधल्या काही जणांनी तो केला होता, आणि किंमत २५ डॉलरच्या आसपास ठेवायची असं त्यांच्या मनात होतं. बीबीसीने १९८०च्या दशकात शाळांसाठी स्वतःच्या नावाचा संगणक आणला होता, त्यामुळे या नव्या यंत्रालाही तेच नाव मिळावं अशी त्यांची इच्छा होती. ते काही जमलं नाही. केलन जोन्स यांनी मात्र तिथल्या तिथे छोटा व्हिडिओ घेतला आणि इंटरनेटवर टाकला. थोड्याच दिवसांत तो सुमारे सहा लाख वेळा पाहिला गेला. त्या प्रकल्पाचे प्रमुख एबेन अप्टन यांनी पुढे सांगितलं की आपण सहा लाख लोकांना २५ डॉलरच्या संगणकाचं वचन देऊन बसलो आहोत, हे त्यांना तेव्हा कळलं. मग माघार घेणं शक्य नव्हतं. २९ फेब्रुवारी २०१२ला तो छोटा संगणक 'रास्पबेरी पाय' या नावाने विक्रीला आला.

आमच्या भागातल्या काही शाळांमध्ये अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे मुलांनी स्वतः यंत्रं करून पाहायच्या सरकारी योजनेतल्या प्रयोगशाळा, आहेत. विज्ञान प्रदर्शनाच्या वेळी मुलं प्रकल्पाचे अहवाल छापायला माझ्याकडे येतात, तेव्हा त्यात रास्पबेरी पायचं नाव असतं. शेताला पाणी किती हवं ते मातीच्या ओलाव्यावरून सांगणारं यंत्र आठवी-नववीतली पोरं करतात. एका बातमीदाराने योग्य वेळी कॅमेरा काढला, त्याचा धागा पाटोद्यापर्यंत आला आहे. आपल्या वाहिनीवर अशी पट्टी घेऊन एखादा मास्तर आला असता, तर त्याला कुणाकडे पाठवलं असतं? स्वागतकक्षातल्या माणसाला तरी सांगता आलं असतं का, की अमुक साहेबांना भेटा, हा विषय त्यांचा आहे?

स्टीफन हॉकिंग यांची मुलाखतही अशीच. डिसेंबर २०१४ मध्ये निमित्त होतं त्यांना बोलायला मदत करणाऱ्या नव्या संगणकप्रणालीचं. सोपी आणि हृदयस्पर्शी बातमी होती, तेवढ्यावर कुणाचंही भागलं असतं. केलन जोन्स यांनी त्या प्रणालीत वापरलेल्या तंत्राचा पुढचा प्रश्न विचारला: कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल तुम्हाला काय वाटतं? पूर्ण विकसित कृत्रिम बुद्धिमत्ता मानवजातीचा शेवट घडवू शकेल, असं हॉकिंग म्हणाले आणि ते वाक्य जगभर गेलं. चॅटजीपीटी लोकांपुढे यायला अजून आठ वर्षं होती. हॉकिंग यांचं म्हणणं बरोबर की चूक, हा वाद तज्ज्ञांनी घालावा. मला महत्त्वाचं वाटतं ते हे, की तो प्रश्न विचारणाऱ्याला त्या विषयाचं पुढचं वळण दिसत होतं. आज आपल्या वाहिन्यांवर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चर्चेत एक राजकीय प्रवक्ता, एक प्राचार्य आणि एक व्याख्याता बसतात आणि नोकऱ्या जाणार की नाही यावर अर्धा तास जातो. बँकेचं कर्ज नाकारताना किंवा योजनेतून नाव वगळताना आज कोणतं सॉफ्टवेअर काय पाहतं, हे त्या अर्ध्या तासात कुणी विचारत नाही. माझ्याकडे खिडकीवर लोक नेमकं तेच विचारतात.

मग ३० मे २०१९. ब्रिटनमध्ये फाइव्ह-जी सेवा सुरू झाली, आणि लंडनच्या कोव्हेंट गार्डनमधून केलन जोन्स बीबीसीचं पहिलं फाइव्ह-जी थेट प्रक्षेपण करणार होते. आधी ते लागेचना. चाचण्या करता करता सिम कार्डावरचा डेटाच संपला होता. हे त्यांनी दडवलं नाही, सांगून टाकलं. वेगाच्या जाहिराती करणारी कंपनी कधी सांगणार नाही अशी ही माहिती आहे, आणि ग्राहकाच्या दृष्टीने त्या दिवसातली सर्वांत कामाची: वेग दहापट झाला तर डेटाही त्याच वेगाने संपतो. पुढे प्रक्षेपण झालं, आणि काही प्रेक्षकांच्या लक्षात आलं की त्यांचा हात थरथरतो आहे. डॉक्टरांना दाखवा, असे निरोप आले. त्याच दिवशी त्यांनी जाहीर केलं की आपल्याला कंपवाताचं निदान झालं आहे. त्यानंतरही दोन वर्षांहून अधिक काळ ते पडद्यावर काम करत राहिले, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये बीबीसी सोडली.

थरथरणारा हात घेऊन माणूस टीव्हीवर उभा राहतो, हे माझ्या वडिलांना मी दाखवलं. आमच्याकडे कंपवाताचा माणूस लग्नाकार्यात पंगतीला बसायचं टाळतो, आमटी सांडेल म्हणून. वडिलांनी ते चित्रण पुन्हा लावायला सांगितलं. बोलले काही नाहीत. पण नंतरच्या बारशाला ते आले आणि सगळ्यांबरोबर जेवायला बसले.

बीबीसी सोडल्यावरही त्यांनी विषय सोडला नाही. आता ते आरोग्य आणि तंत्रज्ञान यांवर लिहितात, आणि कंपवाताच्या रुग्णांसाठी येणाऱ्या उपकरणांकडे पत्रकार आणि रुग्ण अशा दोन्ही नजरांनी पाहतात. पॉडकास्टमधल्या सोबत्यांसह त्यांनी रुग्णांच्या मागण्यांची सनद तयार केली, आणि एप्रिल २०२४ मध्ये ती पंतप्रधानांच्या निवासस्थानी नेऊन दिली. या वयात, या आजारात.

एवढं वाचून कुणाला वाटेल की बाई एका माणसाच्या कौतुकात रमली. म्हणून त्याच देशातली दुसरी हकिकत सांगते. तंत्रज्ञानाच्या बातमीकडे माध्यमं पाठ फिरवतात तेव्हा काय होतं, ते त्यात दिसतं. आणि ती माणसं माझ्यासारखी खिडकीवर बसणारी होती.

ब्रिटनच्या टपाल खात्याने १९९९ पासून होरायझन नावाची संगणकप्रणाली गावोगावच्या टपाल केंद्रांत बसवली. ती फुजित्सू कंपनीची होती. संध्याकाळी हिशेब करताना संगणक म्हणायचा, इतके पैसे कमी आहेत. करारानुसार तूट केंद्रचालकाने भरून द्यायची. हॅम्पशायरमधल्या एका खेड्यात दुकान आणि टपालाची खिडकी चालवणारी एक बाई मदत केंद्राला फोन लावून ते सांगतील तशी बटणं दाबत होती, तर सुमारे २००० पौंडांची तूट तिच्या डोळ्यांदेखत दुप्पट झाली. फोन करणाऱ्यांना सांगितलं जायचं, असं फक्त तुमच्याकडेच होतंय. लोकांनी घरं गहाण टाकून पैसे भरले. ९०० हून अधिक जणांना चोरी, अफरातफर, खोटे हिशेब अशा गुन्ह्यांत दोषी ठरवलं गेलं. भारतीय वंशाच्या एका केंद्रचालक बाईला २०१० मध्ये गर्भार असताना तुरुंगात पाठवलं. चूक संगणकाची होती.

ही बातमी पहिल्यांदा तपशिलाने कुणी दिली? कॉम्प्युटर वीकली या संगणक व्यवसायाच्या नियतकालिकाने, मे २००९ मध्ये. त्यांनी सात केंद्रचालकांच्या कहाण्या शोधून काढल्या आणि पुढेही तो विषय हातचा जाऊ दिला नाही. उच्च न्यायालयाने प्रणालीतले दोष मान्य केले डिसेंबर २०१९ मध्ये. देश खऱ्या अर्थाने हलला तो जानेवारी २०२४ मध्ये, एका दूरचित्रवाणी मालिकेमुळे. मे २०२४ मध्ये संसदेने कायदा करून शेकडो शिक्षा एका फटक्यात रद्द केल्या. पहिल्या बातमीपासून कायद्यापर्यंत पंधरा वर्षं. मधल्या काळात काही जण आयुष्यातून उठले, काही निर्दोष ठरायच्या आधीच वारले. ज्या देशात केलन जोन्स यांच्यासारखा बातमीदार होता तिथे ही गत झाली. एकटा माणूस पुरत नाही, हेही मला यातून कळतं. पण जिथे एकही नाही, तिथे किती वर्षं लागतील?

संपादक महोदय, माझ्या खिडकीवर रोज कुणीतरी म्हणतं, "ताई, अंगठा लागंना." ऊसतोडीच्या कामाने बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. कोयत्यावर गेलेल्या जोडप्याचा मोबाइल नंबर दर हंगामाला बदलतो. कुणाच्या आधारला मुकादमाचाच नंबर जोडलेला असतो, त्यामुळे ओटीपी त्याच्या खिशात वाजतो, आणि मुकादम असतो कर्नाटकात. आधारवर नाव एक, सातबाऱ्यावर दुसरं, बँकेत तिसरं, आणि प्रणाली म्हणते "नाव जुळत नाही". एका म्हातारीचं योजनेतलं नाव अचानक वगळलं गेलं. का, ते पडद्यावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. तिने मला विचारलं, "तूच काढलंस का गं?" मी काय सांगणार होते? तिला माझाच चेहरा दिसत होता. ब्रिटनमधल्या त्या केंद्रचालकांबद्दल वाचताना म्हणूनच माझ्या अंगावर काटा आला.

आधारची सुरुवात आपल्याच राज्यात झाली. २९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्या कार्यक्रमाला आले होते. कॅमेऱ्यांची गर्दी होती. त्या गावात आणि तशा शेकडो गावांत दर वर्षी जाऊन, तीच माणसं, तेच रेशन दुकान, तेच अंगठ्याचं यंत्र पाहून बातमी करणारा मराठी दूरचित्रवाणी पत्रकार असता, तर आज त्याच्याकडे साऱ्या जगाने मागून घ्यावी अशी माहिती असती. ती संधी आपण घालवली, असं मला फार वाटतं.

आपल्याकडे हे कधी झालंच नाही, असंही नाही. मुंबई दूरदर्शनवर "आमची माती, आमची माणसं" लागायचं तेव्हा माझे वडील वही घेऊन बसायचे. कोणतं खत, किती मात्रा, फवारणी कोणत्या वेळी. त्या कार्यक्रमात तज्ज्ञ शेतकऱ्याच्या भाषेत बोलत आणि शेतकऱ्याला प्रश्न विचारू देत. नवं बियाणं, नवं औषध, नवी अवजारं हे त्या काळचं तंत्रज्ञानच होतं. ते समजावून सांगणं हे दूरचित्रवाणीचं काम आहे, असं तेव्हा गृहीत धरलेलं होतं. आता वाहिन्या कितीतरी झाल्या, पण "शेतकऱ्याचा ओळख क्रमांक कशाला, त्यात माझी कोणती माहिती जाते, ती कोण पाहतो" हे वहीत लिहून घ्यावं असं कुणी सांगत नाही. ते सांगायचं काम माझ्यासारख्यांवर येऊन पडलं आहे. आम्ही आमच्यापरीने सांगतो. पण आम्हालाही वरून फक्त कोणतं बटण दाबायचं तेवढंच कळवलेलं असतं.

ऑनलाइन फसवणुकीचंच घ्या. "डिजिटल अरेस्ट" असा काही प्रकार कायद्यात नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये खुद्द पंतप्रधानांना "मन की बात"मधून सांगावं लागलं. पैसे गेले तर लगेच १९३० वर फोन करायचा, जेवढा लवकर कराल तेवढी रक्कम वाटेत अडवली जायची शक्यता जास्त, हे माझ्या भिंतीवर मी मोठ्या अक्षरांत लिहून लावलं आहे. फसलेल्या माणसाचा रडवेला चेहरा वाहिन्या दाखवतात. चोराकडे त्या माणसाचा नंबर, त्याचं बँकेचं नाव, मुलाचं नाव कुठून आलं, ही बातमीची दुसरी बाजू असते आणि तिच्यामागे आठवडे घालवावे लागतात. पोलीस ठाण्याच्या बातमीदाराला तेवढी सवड नाही, दुसऱ्या दिवशी त्याला दुसऱ्या गुन्ह्याच्या जागी पळायचं असतं.

म्हणून माझी आपल्याला, आणि आपल्यामार्फत मराठी वाहिन्यांच्या संपादकांना विनंती आहे. एक माणूस नेमा. बाई असेल तर फारच चांगलं, कारण योजनांच्या खिडकीवर सर्वांत जास्त बायका उभ्या असतात. तिला संगणकाची पदवी नसली तरी चालेल, पण तिला मराठी नीट लिहिता-बोलता यावं, पैशाचा माग काढता यावा आणि "मला कळलं नाही, पुन्हा सांगा" असं मोठ्या साहेबाला म्हणायची हिंमत असावी. मोबाइल कंपन्यांच्या खर्चाने तिने कुठे जाऊ नये. दोन वर्षांनी तिला उचलून निवडणुकीच्या कामाला लावू नये. तिचा ईमेल आणि नंबर रोज छापावा, म्हणजे राज्यभरातले सेवा केंद्रवाले, रेशन दुकानदार, अंगणवाडी सेविका, बँक मित्र तिला कळवू शकतील. एका गावात अडलं तर "असं फक्त तुमच्याकडेच होतंय" म्हणून फोन ठेवता येतो. पन्नास गावांतून तोच निरोप एका टेबलावर आला तर नाही ठेवता येत.

साखर कारखान्यांचा पट्टा पडला, म्हणजे उसाचा हंगाम संपला, की आमची माणसं गावी परततात आणि केंद्रावर गर्दी उसळते. अडकलेले हप्ते, बंद पडलेली खाती, बदललेले नंबर, सगळं तेव्हा एकदम येतं. आपला प्रतिनिधी त्या दिवसांत पाटोद्याला पाठवा. माझ्या शेजारी खुर्ची टाकून देते. दुपारपर्यंत खिडकीवर आलेलं प्रत्येक काम त्याने किंवा तिने आपल्या डोळ्यांनी पाहावं, कुठे अडलं ते लिहून घ्यावं, मुंबईत त्याचा जाब विचारावा, आणि दिवाळीआधी माणसं पुन्हा कोयत्यावर निघायच्या वेळी तोच बातमीदार परत यावा.

आपली,
एक सेवा केंद्र चालक,
पाटोदा, जि. बीड

(रोज सरकारी कामाशी संबंध येतो, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)